रुमाल टाकलेली खुर्ची

मुलुंडच्या एका वाचनालयात मी विश्वाच्या जन्मावर व्याख्यानं देतो. खुर्च्या भरपूर, श्रोते कमी. त्यातले अर्धे पंख्याखाली डुलकी काढायला आलेले. तरी पहिल्या रांगेतले एक आजोबा आले की आधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात. तिथे कोणीही येत नाही. घरी निघताना ते रुमाल झटकून, घडी करून खिशात घालतात. मला याची चीड यायची. रिकाम्या सभागृहात जागा कसली अडवता?

परवा मी सांगत होतो, की विश्व प्रसरण पावतंय. जी दीर्घिका जितकी लांब, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर पळते.

"बरोब्बर!" आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले. "यात नवीन काय? आमचा ठाण्याचा मुलगा दर रविवारी येतो. पुण्याचा गणपतीला. कॅनडाचा तर फोन लावला की 'ठेवतो हां बाबा'नेच सुरुवात करतो."

सभागृह खो-खो हसलं. पंख्याखालचेही जागे झाले. माझ्या आकृत्यांना हे भाग्य कधी लाभलं नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी त्यांनी रुमाल उचलून मला शेजारी बसवलं.

"एक सांगा, हे सगळं शेवटी परत एकत्र येतं का हो?"

"आत्तापर्यंतची मोजमापं तरी नाही म्हणतात."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"परत एकदा मोजून बघा ना," ते म्हणाले, आणि मी उठताच त्या खुर्चीवर पुन्हा रुमाल टाकला.