डाव्या पंखाची आग

मंडकळ्ळीच्या विमानतळावर आम्ही मुलांना विमान चालवायला शिकवतो. आणीबाणीचा तास कित्येक वर्षं मालोजीरावांचा. पंखाला आग लागली तर काय करायचं, हे त्यांच्यासारखं कोणी सांगत नसे. त्यांच्या स्वतःच्या विमानाला मात्र कधी आग लागली नाही.

लागली ती पवनकुमारच्या. त्यांच्याच हाताखाली शिकून मास्तर झालेला हा पोरगा परवा नंजनगूडवरून जळता पंख घेऊन सुखरूप उतरला, आणि मालोजीरावांच्या पोटात दुखायला लागलं. पोरं पवनभोवती. आमचे प्रमुख दामोदरराव तर आणीबाणीचा तासच पवनला देऊ म्हणाले.

"त्याच्याच पंखाला लागावी!" मालोजीराव माझ्याकडे कुरकुरले. आगीचाही हेवा करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

जळत्या पंखाचा जाळ आत येऊ नये म्हणून विमान चांगल्या पंखाच्या बाजूला तिरकं सरकवतात. वारा जाळ बाहेर ढकलतो. कँटीनमध्ये दामोदररावांसकट सगळ्यांसमोर पवन तेच सांगत होता.

"लेफ्ट विंगला जाळ दिसला. लाइट्स सगळे ऑफ केलो. मग असं सरकवलो." तळहाताचं विमान करून, नाक मालोजीरावांकडे ठेवून, त्याने ते सरकवून दाखवलं.

मालोजीराव ताडकन उठले. "आग डावीकडे आणि सरकवलास पण डावीकडेच? अय्यो, जाळ सगळा आत आला असता की रे!"

शिकाऊ पावनी हळूच म्हणाली, "सर, ते तुमचं लेफ्ट. विमानाचं राइट."

समोरून येणाऱ्या विमानाची बाजू उलट धरायची, हे पहिल्या दिवशी शिकवणारे मालोजीरावच. घाईने घात केला. पोरं हसू दाबायला लागली.

पवन चटकन पोरांना म्हणाला, "सर सुम्ने, उगाच तुमची टेस्ट घेताहेत. पावनी सोडून कोण बोललं? दामोदरराव, तास सरांकडेच असू दे."

दामोदरराव हसले आणि हो म्हणाले.

संध्याकाळी मालोजीरावांच्या स्कूटरवर मागे बसून मी बोगादीला घरी निघालो. वाटेत म्हटलं, "राहिला की तास तुमच्याकडे!"

"पवन हसला असता तर बरं होतं रे," ते म्हणाले. माझ्या घरापाशी स्कूटर थांबवून म्हणाले, "आग त्याची. मोठं मन पण त्याचंच. मी काय करायचं, सांग?"