आधी वजन विचारणारे खिल्लारे सर

प्रा. सुदामराव खिल्लारे सर पंचाहत्तरीत प्रवेश करीत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असा समितीचा आग्रह आहे. आग्रह नसता तरी मी लिहिलंच असतं, कारण सरांमुळे वाचलेली एक बाग आमच्या इंझोरीत आजही उभी आहे. ती माझ्यामुळे जाणार होती, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

सरांची पहिली भेट वर्गात झाली. मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला वाशिमच्या कॉलेजात नुकताच आलो होतो. सरांनी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीतून हातभर लांब, पिवळं, वाळलेलं तंबाखूचं पान काढलं आणि पहिल्या बाकावर ठेवलं. "वास घ्या अन् मांगं द्या," एवढंच म्हणाले. पान माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, "सर, हे आमच्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्यातलं नाही." वर्ग खदखदून हसला, सर हसले नाहीत. "बरोबर. हे परदेशात जाते. तुह्या खिशातलं इथंच राह्यते. ते काढून टेबलावर ठेव अन् बस." त्या दिवशी निर्यातीचा धडा आणि माझी फजिती एकाच तासात झाली.

ते पान सरांनी स्वतः आणलेलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत जनरल डब्यातून दक्षिणेत जाऊन ते तंबाखूच्या लिलावाच्या ठिकाणी दोन-तीन दिवस उभे राहिले होते. देशाच्या तंबाखूची आयात-निर्यात हा त्यांचा उभ्या आयुष्याचा विषय. सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात हा कुठला नाद, म्हणून सहकारी चेष्टा करीत. सर मात्र दरवर्षी वहीत एक पान भरीत. आधी वजन, मग भाव, मग त्या वर्षीचा डॉलर, आणि सगळ्यांत शेवटी रुपये. देशाबाहेर कच्चं पान किती गेलं, तयार माल किती गेला, बाहेरून काय आलं, हे सगळं वेगवेगळं. "आपला माल बहुतेक पान म्हणूनच जाते. त्याची सिगारेट दुसरे करतात," हे सांगताना त्यांच्या आवाजात दरवेळी थोडी खंत असे.

मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्ही सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. मग याचाच अभ्यास काहून?" सरांनी मग घरची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील अनसिंगला शेतमजूर होते आणि तंबाखू चघळून दिवस काढायचे. शेवटी त्यांचं तोंड उघडत नव्हतं, चमच्याने पाणी पाजावं लागायचं. "बाप ज्यानं नेला ते येते कुठून अन् जाते कुठं, एवढं तरी मले समजलं पाह्यजे," सर म्हणाले. निर्यात वाढली की देशाला चार पैसे मिळतात, हे ते मान्य करीत. पण ते पान कुठल्या तरी दुसऱ्या बापाच्या तोंडात जातं, हेही त्यांच्याने विसरवत नसे. या दोन्ही गोष्टींचा मेळ अजून बसला नाही, असं ते आजही मोकळेपणाने कबूल करतात.

आता बागेची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी, स्वतः प्राध्यापक झालेला शहाणा, जिल्ह्याच्या एका दैनिकात लेख लिहिला. तंबाखूची निर्यात वाढून राहिली आहे, मग आपला शेतकरी मागे का, असा त्याचा सूर. लेखाखाली माझा फोटो. चार दिवस मी हवेत होतो. पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. "लेख वाचला. वजन किती वाढलं?"

मी वजन पाहिलंच नव्हतं. नुसता रुपयांचा रकाना पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सर एसटीने माझ्या दारात हजर, काखोटीला वह्या. त्यांनी पानं उघडून दाखवली. त्या साली वजन उलट घटलं होतं. दुसऱ्या देशातलं पीक बुडालं म्हणून भाव चढला होता, आणि डॉलर महागल्याने रुपये फुगलेले दिसत होते. शिवाय परदेशात जाणाऱ्या त्या पानाच्या लागवडीला परवाना लागतो, वाळवायला भट्टी लागते. मी म्हटलं, "पेपरात दुरुस्ती छापून आणतो." तेवढ्यात माझ्या बायकोने सांगितलं की इंझोरीहून माझे चुलतभाऊ रामदासभाऊ यांचा सकाळीच निरोप होता. माझा लेख वाचून ते संत्र्याची बाग काढत होते, तंबाखू लावायला. सहा वर्षांची झाडं, नुकतीच फळावर आलेली.

सर उठले. "दुरुस्ती उद्या बी छापता येते. कुऱ्हाड आज चालून राह्यली. चाल."

आम्ही पोहोचलो तेव्हा एक ओळ आडवी झाली होती. मला वाटलं, आता सर बोलतील आणि मी सुटेन. सर बांधावर बसले, गुडघे चोळत राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले. गावातली दहा-बारा माणसं, धनजहून आलेले रामदासभाऊंचे जावई, सगळ्यांसमोर मलाच बोलावं लागलं. "भाऊ, मी चुकलो. तोडू नका."

रामदासभाऊंनी मजुरांना हाताने थांबवलं आणि माझ्यावर उखडले. "पेपरात तुहा फोटो पाह्यला म्हणून भरोसा ठेवला ना बे! माही एक लाईन गेली, ते कोण उभी करीन?" तेव्हा सर बोलले. "याले मीच शिकवलं. कच्चं राह्यलं, थे माही बी चूक." मग तिथेच मातीत बसून त्यांनी एकेक आकडा रामदासभाऊंना समजावून सांगितला. पुढच्या पावसाळ्यात सर स्वतः नर्सरीतून कलमं घेऊन इंझोरीला आले आणि मोकळ्या ओळीत आम्हा दोघांकडून लावून घेतली. माझ्या चुकीबद्दल त्यानंतर ते अवाक्षर बोलले नाहीत. माणसाला वाचवून त्याची आठवणही न देणं, हे मला अजून जमलेलं नाही.

सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो, ही माझी मनापासूनची प्रार्थना. पण शुभेच्छा द्यायचा पहिला हक्क रामदासभाऊंचा. गौरवग्रंथाचं सांगायला गेलो, तेव्हा ते बागेतच होते. मी विचारलं, सरांना काय कळवू? त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "सरायले म्हण, आखीन वीस वरीस तरी जगनं पाह्यजेच. तू काही लिवनं सोडलं नाही."