काळजीची वेळ: पाच ते साडेपाच

फॉर्म भरायला बसले की माझा घोळ होतो. बारामतीतल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. दर गुरुवारी कॅन्सरच्या पेशंटना एकत्र बसवून मन कसं सांभाळायचं त्याच्या युक्त्या शिकवते. फॉर्म म्हणतो, 'रुग्णाची प्रगती एका ओळीत लिहा.' एका ओळीत मावणारी माणसं आमच्याकडं येतच नाहीत. मग काय, किस्से साठत जातात!

*

पहिला धडा श्वासाचा. लोणी भापकरच्या सुमनअक्कांचं छातीचं ऑपरेशन झालेलं. "डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या," मी सांगितलं. पाचव्या मिनिटाला अक्का चक्क घोरायला लागल्या! मी हलवून उठवलं.

"दोन महिन्यांत पयल्यांदा डोळा लागला हुता," अक्का कडाडल्या, "आन् तुमी उठवलं व्हय!"

*

मग 'शांत जागा'. मिटल्या डोळ्यांनी आपली आवडती जागा बघायची. कळसचे पोपटराव थेट डाळिंबाच्या बागेत पोचले. चेहरा कसा निवांत! मी मनातून खूश. तेवढ्यात ताडकन उठले.

"मॅडम, घरी फोन करून येतो. मोटर चालूच राहिलीया!"

*

निमगाव केतकीच्या तात्यांना घशाचा कॅन्सर. काळजी दिवसभर पोखरायची. मी म्हटलं, काळजीला रोज अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्या, बाकीचा दिवस तिला हाकलून लावा. पुढच्या गुरुवारी विचारलं, "जमलं का?"

"जमलं की! पाण्याच्या बारीसारखं वाटून घेतलं. पाच ते साडेपाच माझी, साडेपाच ते सहा हिची."

शेजारी बसलेल्या काकू फणकारल्या, "मला अर्धा तास पुरत न्हाय!"

*

तिसऱ्या केमोनंतर मात्र तात्या पार खचले. पाणीसुद्धा गिळवेना. "यंदा आडसाली लावणार न्हाय," म्हणाले. "दीड वर्षानं तुटणारा ऊस. कुणासाठी लावू? आन् पुढची केमो बी नको." काकू तोंडाला पदर लावून बसल्या. मला माझी एकही युक्ती आठवेना. खरं सांगते, मीच रडायच्या बेतात होते.

समोरच बसलेल्या सुमनअक्का तोंडाच्या फटकळ. "मग मेथी लावा की! महिन्यात येती. तेवढा तर दम काढाल का न्हाय?"

मी गारच पडले. असं कुणी पेशंटला बोलतं का? पण तात्या हसले! आणि चौथ्या केमोला आले.

*

महिन्याभरानं तात्या पिशवीभर मेथी घेऊन हजर. त्यांना स्वतःला अजून घास उतरत नव्हता, पण आम्हाला प्रत्येकी एक जुडी. पुढच्या गुरुवारी अक्कांनी निकाल दिला, "लई कडू हुती."

"मग परत लावतो," तात्या म्हणाले.

*

ट्रीटमेंट संपली. रिपोर्ट चांगले आले, तेव्हा मी तिथंच उभी होते. डॉक्टर समजावत होते, "आता दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं. दोन वर्षं तरी एकही तारीख चुकवायची नाही." काकूंनी हात जोडले. तात्या नुसतेच बोटांवर महिने मोजत बसले. मला वाटलं, पुन्हा घाबरले.

"साहेब, सगळ्या तारखांना येतो," तात्या म्हणाले, "पर पुढच्या वर्षी डिसेंबरातली तेवढी मागंपुढं करा. ऊस तुटायचा हाय, मी फडात पायजे!"