साकवावरचा माणूस

साकवाच्या जमिनीवर, लोकांनी जिथे पाय ठेवायचा नेमका तिथेच, मी चालणारा माणूस रंगवला. ही माझी चूक.

आमच्या गावाने श्रमदान करून वहाळाच्या ओढ्यावर ये-जा करायला सिमेंटचा साकव बांधला होता. बैलगाडी मावणार नाही असा अरुंद, पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. पावसाळा सरला आणि पहिल्याच आठवड्यात पाववाल्याची सायकल आमच्या शेजारच्या काकीवर आदळली. काकीची बांगडा मासळीची पाटी वहाळात गेली. साकव ओलांडून कट्टा गावाला जाणारी गाडी धरायची आणि तिथल्या बाजारात मासे विकायचे, हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी ती रिकाम्या हातांनी परतली आणि अंगणात उभं राहून तिने पाववाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. म्हटलं, कला लोकांच्या उपयोगी पडायची हीच वेळ. साकवाच्या मधोमध रेघ मारली. डाव्या अंगाला चालणारा माणूस, उजव्या अंगाला सायकल. होडीला लावून उरलेला तेलरंग मिळाला, तो वापरला. माणूस पुरुषभर लांब, अंगात सदरा, डोक्यावर टोपी. सरपंच बघून म्हणाले, "बरा झाला. आता कोण कोणाच्या अंगार जावचो नाय."

रंग वाळल्यावर सकाळी मी शाबासकी गोळा करायला साकवावर जाऊन उभा राहिलो, आणि मला काही समजेनासंच झालं. माणसाच्या बाजूने माणसं जातच नव्हती. सगळी रेघेवरून, एकामागे एक, होडीला लावलेल्या फळीवरून चढावं तशी. मला वाटलं, रंग ओला असेल. बोट लावून पाहिलं, खडखडीत होता. मग वाटलं, रेघ हीच वाट असा समज झाला असेल. तेवढ्यात पाववाला आला, तोही सायकल हातात धरून रेघेवरूनच! रंगवलेल्या सायकलीवर कोणीतरी झेंडूचं फूल ठेवलं होतं. दसरा जवळ आला होता.

"पुजलेल्या वस्तूवरसून चाक कसा न्हेऊचा, मास्तरानू?" पाववाला म्हणाला.

"पण पुजली कोणी?"

"मियाच. माझो धंदो सायकलीर चलता."

इतक्यात डोक्यावर भरलेली पाटी घेऊन काकी आली आणि चित्राशी येऊन थबकली.

"काकी, हयसून चल. ही तुझीच बाजू."

"माणसाच्या छातीर पाय ठेवून?"

"तो कोणच नाय गो. नुसतो चलणारो."

"कोणच नाय तर नाक कित्याक काढलंस? आणि ता पण आमच्या मामंजींसारख्या!" असं म्हणून तिने एका हाताने पाटी सावरली आणि दुसऱ्या हाताने पदर पुढे ओढला.

पलीकडे कट्ट्याच्या गाडीची घरघर ऐकू आली. "बघ, मी चलून दाखवतंय," म्हणत मी पुढे झालो. काकी घाईने रेघेवरून माझ्या मागोमाग. मी ऐटीत पाय उचलला, आणि पुढे काय झालं ते आजही मला नीट उलगडत नाही. हा माणूस माझाच. त्याच्या पायात वहाणा रंगवताना मी त्याच्या पोटावर मांडी ठोकून बसलो होतो. पण आता सगळे बघत असताना पाय काही टेकेना. टेकवायला गेलो की नाक दिसे. शेवटी हवेतला पाय हवेतच वळला, मी बाजूला उडी मारली आणि थेट काकीवर गेलो.

पाटी कठड्यावर आपटली आणि बांगडे चमचमत वहाळात गेले. या गडबडीत माझी टाच चित्राला लागलीच, म्हणून मी आधी वाकून त्या माणसाच्या पाया पडलो आणि मग काकीकडे बघितलं.

पलीकडे गाडी निघून गेली. काकी पाण्याकडे बघत राहिली, मग चित्राकडे, मग माझ्याकडे.

"मास्तरा," ती म्हणाली, "तुझ्यापरास तो पाववालो बरो. तो निदान घंटी तरी मारता."