तीन बोटं उभी

“लोक माझ्या तोंडावर थुंकून राह्यले, आन् तुमी म्हणता जाहिरात चालून राह्यली?” डॉक्टर मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

एसटीच्या खिडक्यांखालच्या पत्र्यावर आम्ही त्यांचा हसरा फोटो चिकटवला होता. त्या जागेला आम्ही साइड पॅनल म्हणतो. खिडकीतून मारलेल्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या बरोबर फोटोतल्या दातांवरून ओघळल्या होत्या. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला; इकडे दिवसभर गालात असतो. आणि मॅडमचा वाशीमचा दवाखाना दातांचा, तोंडाचा.

आमच्या एजन्सीकडे ही एकच मोठी पार्टी. आमचे मालक, भाऊ, सकाळीच म्हणाले होते, “सांगलीवाले, हे पार्टी गेली तर तुले कोन्तं काम देऊ मी?” रागाने नव्हे, खरंच विचारत होते. नववीत शाळा सोडून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनी काही न विचारता ठेवून घेतलं होतं.

“मॅडम, मी रोज सकाळी डेपोत जाऊन पुसतो.”

“पुसू नका, पेशंट आणा. ज्याले गरज आहे तोच येत नाही. सुरुवातीले दुखत नाही ना. मी त्याले पहिले म्हणते, तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात घाला. नाही मावली की समजते, खर्ऱ्यानं तोंड आखडून राह्यलं.”

मी तिथंच घालून बघितली. मावली.

“मॅडम, हेच लिहूया? गाडीच्या आत, पुढच्या सीटच्या पाठीवर. माणूस तासभर तेच बघतो. पण मग फोटोला जागा नाही.”

“मले माझं तोंड दाखवाचं नाही. त्यायचं पाहाचं आहे.”

भाऊंनी डेपोची परवानगी आणली. स्टिकर लावले आणि वाशीमहून मानोरा गावाला जाणाऱ्या गाडीत मीच जाऊन बसलो. बराच वेळ कुणी वाचेना. मग कॉलेजच्या दोघींनी बोटं घालून बघितली, मग त्यांच्या मागच्यांनी. अर्धी गाडी तोंडात बोटं घालून बसली.

“अबे, बोटं काढा अन् तिकिटं घ्या,” कंडक्टर म्हणाला.

माझ्यापुढे एक जोडपं होतं. बाई म्हणाल्या, “तुमीबी पाहा ना घालून.”

“काहून? मी काय लहान आहो?”

“घाला म्हणते ना.”

दोन गेली. तिसरं जाईना. “माहे बोटं जाड हायेत. कामाचे हात हायेत हे.”

“मंग माहे घाला. बारीक हायेत.”

भर गाडीत बाईंनी आपली बोटं पुढे केली. आजूबाजूचे हसले. तीही मावली नाहीत, तेव्हा कुणी हसलं नाही. बाईंनी नवऱ्याच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. उतरताना कंडक्टरला विचारलं, “हा दवाखाना वाशीमात कोठीसा आहे?”

पुढं मॅडमनी आणखी गाड्या घेतल्या. माझं काम टिकलं. त्या जोडप्याचं मी विचारलं, तर म्हणाल्या, “पेशंटचं बाहेर सांगत नसतात. पण ते बाई गावातल्या आणखी दोघांले धरून घेऊन आली.”

जाहिरातीची जागा ठरवताना मी आता एक जास्तीची गोष्ट बघतो. वाचणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार आहे.