न पेटणारा गॅस

"टोपी वर चढली म्हंजी आत समदं जित्तं हाय," भामाबाई एकदा म्हणाली होती.

टोपी म्हणजे गोबरगॅसच्या टाकीवरचं, आत गॅस साठला की वर उचललं जाणारं लोखंडी झाकण. नांदूरघाटजवळ बायकांची सहकारी खानावळ होती. तिच्या शेगड्या या टाकीवर चालायच्या आणि टाकी भामाबाईच्या हवाली होती. त्या वर्षी दुष्काळ पडला आणि दिवाळीआधीच गुरं लांबच्या छावणीला गेली. शेण संपलं, टोपी खाली बसली. खानावळ बंद पडली तर सगळ्या ऊसतोडीला जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणून भामाबाईनं कारखान्यातली गोड मळी आणून टाकीत ओतली.

टोपी भराभर वर आली.

"भामे, तुझ्या टाकीला दिवस गेले गं!" खानावळीत भाकरी थापणारी वच्छलाबाई हसली.

भामाबाईनं काडी ओढली. शेगडीशी नेताच काडी विझली. दुसरीही विझली.

अंबाजोगाईच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी तिची भाची गीता सुटीला आली होती. तिनं टाकीतल्या पाण्यात निळा कागद बुडवला. तो लाल झाला.

"आत्या, आत आंबट झालंय. तिथं दोन जातींचे जीव राहतात. बॅक्टेरिया गोड खातात, आंबट करतात, झपाट्यानं वाढतात. त्या आंबटातून पेटणारा गॅस करतात ते आर्किया. दिसायला सारखेच, म्हणून पूर्वी त्यांनाही बॅक्टेरियाच समजत. पण त्यांच्या अंगावरचं आवरणच निराळं. आतली काही घडण तर बॅक्टेरियापेक्षा आपल्याशी जास्त जुळते. आंबट फार झालं की ते तग धरत नाहीत."

"मंग वर काय चढलं?"

"बॅक्टेरियाचा वायू. तो पेटत नाही."

भामाबाई कठड्यावर टेकली. ज्यांच्या जिवावर खानावळ चालली, ते कधी डोळ्यांना दिसलेच नव्हते. आणि तिनं स्वतःच्या हातानं त्यांना बुडवलं होतं.

"चुना टाकू का?"

"टाक. पण तेवढ्यानं भागणार नाही. दुसऱ्या चालू टाकीतली शेणाची रबडी आणून ओतावी लागेल, तिच्यात जिवंत आर्किया असतात. मग थांबायचं. आर्किया सावकाश वाढतात. दीड-दोन महिने तरी."

"दोन महिने काय हवा खायची?" वच्छलाबाईचं हसू कधीच ओसरलं होतं. "मुकादमाचा ट्रक उभा हाय रस्त्याला. तुझी वाट बघून थांबल्यात समद्या. बोल की बये!"

गीता म्हणाली, "आत्या, मी रबडी शोधते. तू थांब."

रस्त्यावर हॉर्न वाजला. भामाबाईनं मळीनं चिकटलेले हात लुगड्याला पुसले. कोपऱ्यातला कोयता उचलला. भाचीकडे पाहिलं नाही, शेगड्यांकडेही नाही. ती फाटकाबाहेर पडली.