आई पापणी हलवेना

सरकारला दर नोव्हेंबरात एक शंका येते: माझी आई अजून जिवंत आहे का? शंका रास्त आहे, माझी तक्रार नाही. पेन्शन द्यायची तर माणूस आहे की गेला, एवढं तरी विचारायला हवं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबापुढे उभं राहावं लागे. आता मोबाइल समोर धरायचा, चेहरा गोलात आणायचा आणि सूचना आली की पापण्या मिटून उघडायच्या. पापणी हलली की माणूस हयात. फोटोची पापणी हलत नाही ना, म्हणून ही युक्ती.

आणि गेल्या नोव्हेंबरात, इथे आखातात, अरादमधल्या आमच्या हॉलमध्ये, माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई त्या मोबाइलकडे डोळे वटारून बसली आणि तिने पापणी हलवली नाही. एकदा नाही, तीनदा.

"मीट ना डोळे, आई."

"नाही मिटत."

"अगं, मग सरकार म्हणेल तू गेलीस."

"म्हणू दे. फुकट खाणारं एक तोंड कमी झालं, म्हणेल."

शब्द तिचे होते, पण पेरणी माझी होती. ती कशी झाली ते सांगते, म्हणजे माझी अक्कल तुमच्या लक्षात येईल.

आई नर्स. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीपलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात तिने बत्तीस वर्षं काढली. लशीचा डबा खांद्याला अडकवून तरीतून खाडी ओलांडायची, वाड्यावाड्यांवर चढायचं, बाळंतिणीच्या घरचे लोक बोलवायला आले की जेवण तसंच टाकून उठायचं. बाबा गेल्यावर ती गावी एकटीच राहिली, आणि एकदा न्हाणीघरात पडली. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत चार तास तशीच फरशीवर होती. मी धावत गेले आणि तिला घेऊन यायचं ठरवूनच टाकलं. पण ती कसली ऐकतेय. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा हात आखडून प्यावं, असं मानणाऱ्या घरातली बाई. दोन दिवसांनी तिने अट घातली. "मासळी आणि दूध माझ्या पेन्शनमधून. कबूल असेल तर येते."

मी कबूल केलं. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

तेव्हापासून दर महिन्याला माझा नवरा तिचं कार्ड घेऊन एटीएममधून दिनार काढून आणतो. सुरुवातीला तो म्हणाला, "आई, दर वेळी बँक जादा पैसे कापते हो. तुमचे तिकडेच राहू द्यात, मासळीचं मी बघतो." आई म्हणाली, "कापू देत, जावईबापू. माझेच कापतायत ना?" दिनार बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातात आणि शुक्रवारी सकाळी तो डबा पिशवीत घालून आम्ही मुहर्रकच्या बाजारात जातो. इथले लोक ज्याला चनाद म्हणतात ती आपली सुरमई. आई कल्ले उघडून बघते, नाक मुरडते, तीन दुकानं फिरते आणि पुन्हा पहिल्याकडे येते. पैसे स्वतःच्या हाताने देते. मी पर्स उघडली तर कोपराने मला मागे सारते. त्या वेळी तिचा चेहरा बघावा. खुर्चीत बसून पेशंट तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना असतो ना, तसा रुबाब.

आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. इथल्याच सरकारी इस्पितळात ती निवृत्त होईपर्यंत प्रसूती विभागात होती आणि केरळच्या नर्सांसोबत काम करून तिला मोडकंतोडकं हिंदी येतं. आईचंही हिंदी तेवढंच मोडकं. त्यामुळे दोघींचं छान जमतं. संध्याकाळी दाराशी खुर्च्या टाकून बसतात आणि कोणी किती अडलेली बाळंतपणं सोडवली यावर चढाओढ चालते. वरून विमान गेलं की दोघी थांबतात, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. मी इथल्या एका कंपनीत पगारपत्रकं बनवते. आमच्या ऑफिसात चहा बघणारे एक चाचा होते, केरळचे, वीस-बावीस वर्षं नोकरी झालेले. ते कायमचे गावी निघाले. नोकरी संपताना कायद्याने जी रक्कम मिळते ती त्यांची निघत होती. आमच्या मॅनेजरला वाटलं, छोटासा समारंभ करावा आणि तो चेक 'कंपनीकडून प्रेमाची भेट' म्हणून द्यावा. माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, भेट कसली? दर वर्षी काम केलं त्याचा हा राहिलेला पगार आहे. हा त्यांच्या हातात सही घेऊन द्या. भेट द्यायची असेल तर स्वतःच्या खिशातून घड्याळ आणा. बिचारा गोरामोरा झाला, पण ऐकलं त्याने. घड्याळही आणलं.

त्या रात्री जेवताना मी ही कथा तिखटमीठ लावून सांगितली. आई तळलेले तुकडे वाढत होती. "शाब्बास," म्हणाली आणि मला एक तुकडा जास्त वाढला. तेवढ्यात नवऱ्याने मोबाइलवरची बातमी वाचली, सरकारी पेन्शनचा बोजा वाढत चाललाय वगैरे. आणि मी, तोंडात आईने वाढलेला मासा असताना, म्हटलं, "मग काय तर. सरकारी पेन्शन म्हणजे शेवटी मदतच. निराधारांना देतात तशी. घरी बसायचं आणि लोकांच्या करातून खायचं. आम्हाला कोण देणार आहे?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. साठीला आमचा व्हिसा संपणार, एक रक्कम हातात पडणार, पुढे आम्ही जगलो काय नि मेलो काय, नोव्हेंबरात विचारायला कोणी येणार नाही. हे सगळं मनात होतं आणि बाहेर पडलं ते दुसरंच. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

आईने स्वतःच्या ताटातला तुकडा उचलून परत पातेल्यात ठेवला आणि आमटीभात जेवली.

पुढल्या शुक्रवारी ती बाजाराला आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. मी एकटी जाऊन चनाद आणला, हौसेने कालवण केलं. तिने ताक-भात घेतला. दुसऱ्या दिवशीही ताक-भात. विचारलं तर म्हणाली, "फुकटचा मासा घशाखाली उतरत नाही गो." दुधाचा चहा सोडून कोरा घ्यायला लागली. मग एका सकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, मुंबईचं तिकीट कितीला पडतं हो? डब्यात आहेत तेवढ्यात बसेल ना?"

गावी ते घर तसंच होतं आणि ते न्हाणीघरही. ती रुसली असती तर मी तिची समजूत काढली असती. पण ती रुसली नव्हती, ती तिच्या अटीला धरून चालली होती. पेन्शन तिची कमाई असेल तर ती या घरात ताठ मानेने राहू शकत होती. पेन्शन दान असेल तर अट मोडली, आणि अट मोडली की तिच्या हिशेबाने इथे राहणं संपलं.

आणि मग तो मोबाइलचा प्रकार झाला. महिना संपायला चार दिवस होते. हयातीचा दाखला गेला नसता तर पेन्शन थांबली असती. मी हात जोडले, रागावले, नवऱ्याला पुढे केलं. आई शांतपणे गोलात चेहरा धरून बसायची आणि सूचना आली की डोळे आणखी मोठे करायची. बाळंतिणीच्या उशाशी रात्र रात्र जागलेली बाई ती. तिच्या डोळ्यांशी मी काय स्पर्धा करणार? तिसऱ्या वेळी मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून मी जिना उतरून खाली गेले.

खाला वाटच बघत होती. मैत्रीण तीन संध्याकाळ खाली आली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या कपाळावर आठ्या जमत गेल्या.

"तुमने माँ को ये बोला?"

"बोला."

"मेरा पेन्शन भी ऐसा?"

मी मान खाली घातली. ती हिंदी सोडून बराच वेळ अरबीत बोलली. त्यातलं मला फार कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. शेवटी तिने जिन्याकडे बोट दाखवलं. "यल्ला. ऊपर जाओ. माँ का सर चूमो."

इथे तीच रीत आहे. वडीलधाऱ्यांचं मन दुखावलं की त्यांच्या डोक्याचं चुंबन घेऊन माफी मागतात. आपल्याकडे पाया पडतात, पण आईच्या पाया मी दर सणाला पडते, त्यात माफी कुठली आणि दिवाळी कुठली हे तिला कळलं नसतं. मी वर गेले. ती सोफ्यावर लसूण सोलत होती. मी वाकले आणि तिच्या डोक्यावर ओठ टेकवले.

"हे काय नवीन? केसांना तेल लावलंय गो."

"चुकले मी, आई."

ती लसूण सोलत राहिली. पण सरकून तिने मला बसायला जागा केली.

"त्या चहावाल्याचं हक्काचं," ती म्हणाली, "आणि माझं मेहेरबानीचं. लोक आपला तो बाब्या म्हणतात, तुझं उलटंच. दुसऱ्याचा तो बाब्या आणि आईचं ते कार्टं."

"पण आई, पैसे लोकांचेच ना?" माझी खोड काही जात नाही.

"मग काम मी कोणाचं केलं? लोकांचंच ना? आणि निराधारांचं म्हणशील तर त्यांनीही मान खाली घालायचं कारण नाही. किती जणींचे अर्ज मीच भरून दिलेत. त्यांना गरज होती म्हणून मिळायचं. मला काम केल्याचं मिळतं. दोन्ही चांगलंच आहे, पण एक नव्हे."

मग लसणाची सालं पदरात गोळा करत तिने विचारलं, "तू आठवीत होतीस तेव्हा तुला सायकल हवी होती. आठवतं?"

न आठवायला काय झालं? हायस्कूल चार किलोमीटरवर होतं, खाडीकाठचा सपाट रस्ता. वर्गातल्या एका मुलीने लाल सायकल आणली होती. मी आठ दिवस रडले, जेवले नाही, आईला वाटेल ते बोलले. सायकल आली नाही. दहावीपर्यंत मी चालत गेले.

"त्याच वर्षी तालुक्याचे एक डॉक्टर खाजगी दवाखाना काढत होते," आई म्हणाली. "मला दुप्पट पगार द्यायला तयार होते. तुझे बाबा म्हणाले, घे. सायकल येईल, घराला चिरे लागतील. मी चार दिवस विचार केला. तिथे पेन्शन नव्हती. इथे होती. मला एकुलती एक मुलगी, ती उद्या सासरी जाणार. म्हातारपणी तिच्या दारात हात पसरून उभं राहायचं नाही, एवढं मी ठरवलं आणि डॉक्टरांना नाही सांगितलं. अर्ध्या पगारात राहिले. उरलेला अर्धा सरकारकडे ठेवला, असं मी धरलं. तो आता मिळतोय." तिने पदरातली सालं ताटलीत टाकली. "तुझी सायकल त्यात आहे गो. मला कधी विसर पडला नाही."

चाळीस वर्षं मी त्या सायकलीचा राग मनात ठेवला होता आणि तीच सायकल दर शुक्रवारी आमच्या ताटात येत होती. मी वाकून पुन्हा तिच्या तेलकट डोक्यावर ओठ टेकवले. या वेळी तिने हात मागे नेऊन माझा गाल थोपटला, लसणाच्या हाताने.

"आण तो मोबाइल," म्हणाली.

मी गोल तिच्या चेहऱ्यावर धरला. घाईत दोनदा तिचं कपाळच गोलाबाहेर राहिलं. "नीट धर," ती करवादली. तिसऱ्यांदा सूचना आली आणि आईने सावकाश, मन लावून डोळे मिटले आणि उघडले. दाखला आला. माझी आई हयात असल्याचं सरकारला कळलं.

शुक्रवारी ती स्वतःच आधी तयार होऊन बसली, डबा पिशवीत घालून. तीन दुकानं फिरली, पहिल्याकडे परत आली, कोपराने मला मागे सारलं. खालाच्या घरी दोन तुकडे आधी गेले. मग आम्ही जेवायला बसलो आणि आईने सुरमईचा मधला, सगळ्यांत मोठा तुकडा उचलला. तो नेहमी जावयाच्या ताटात जातो. नवऱ्याने सवयीने ताट पुढे केलं.

"तुम्हाला नव्हे, जावईबापू," ती म्हणाली आणि तो माझ्या ताटात वाढला. "हा हिच्या सायकलीचा."

मी काटे काढायच्या निमित्ताने मान खाली घालून बसले.